बोर्डावरचं दिसतं म्हणजे डोळे ठीक आहेत असं नाही: मुलाच्या अभ्यासामागचा डोळ्यांचा प्रॉब्लेम कसा ओळखायचा आणि पुढे काय काय करायचं

मूल अभ्यासात मागे पडायला लागलं की बडोद्यातल्या आपल्या मराठी घरांत पहिला संशय भाषेवर जातो. घरी मराठी, शाळेत गुजराती नाहीतर इंग्लिश मिडियम, खाली सोसायटीत हिंदी-गुजराती मिक्स, त्यामुळे गोंधळतोय बिचारा, होईल हळूहळू. मग मोबाइल, मग आळस, मग "याचं लक्षच नसतं". डोळे तपासायचं फार उशिरा सुचतं आणि तोवर दोन-तीन इयत्ता निघून गेलेल्या असतात. मी दांडिया बाजारात घरीच पहिली ते सातवीच्या मुलांच्या ट्यूशन घेते, मुलं हाताच्या अंतरावर बसलेली असतात, वह्या रोज नजरेखालून जातात, त्यामुळे हे किती वेळा होतं ते जवळून दिसतं आणि दर वेळी जीव तुटतो, कारण यातलं बरंचसं वेळेत सापडलं तर सुटणारं असतं. मी डॉक्टर नाही, निदान आणि औषध डॉक्टरांनीच ठरवायचं, पण डॉक्टरपर्यंत पोचायच्या आधी आणि तिथून घरी आल्यावर जे आई-बाबांनी आणि टीचरने करायचं असतं ते सगळं इथे सविस्तर लिहितेय.

सगळ्यात आधी हे लक्षात घ्या की मूल तक्रार करत नाही. त्याला पहिल्यापासून जसं दिसतंय तसंच जगात सगळ्यांना दिसतं असं त्याला वाटतं, मग तक्रार कशाची करणार. आणि दुसरं, "शाळेत चेकिंग झालं, सगळं वाचलं त्याने" यावर गाडी थांबवू नका. भिंतीवरच्या चार्टवरून लांबचं दिसतं का एवढंच कळतं. अभ्यास नडतो तो बऱ्याचदा जवळचं बघण्यात, किंवा दोन डोळ्यांतल्या फरकात, आणि ते त्या चार्टमधून सहज निसटतं.

कुठला प्रॉब्लेम अभ्यासात कुठे नडतो

मायनस नंबर सगळ्यांना माहीत असतो. यात जवळचं स्वच्छ, लांबचं धूसर. हिशोब सोपा आहे, मायनस १ नंबर असेल तर साधारण एक मीटरपर्यंत स्वच्छ दिसतं, मायनस २ ला अर्ध्या मीटरपर्यंत आणि मायनस ४ ला फक्त पंचवीस सेंटिमीटरपर्यंत. म्हणजे मायनस २ वाल्या मुलाला पुस्तक एकदम क्लिअर आणि चौथ्या बेंचवरून बोर्ड म्हणजे नुसता पांढरा धूर. हे मूल घरी छान वाचतं, तोंडी उत्तरं फटाफट देतं, पण वर्गात उतरवून घेताना शेजारच्याच्या वहीत डोकावतं आणि डायरीत शेरा येतो की कॉपी करतो, बडबड करतो.

प्लस नंबर फसवतो. लहान मुलाच्या डोळ्यातली भिंग इतकी लवचीक असते की ती ताण देऊन फोकस ओढून आणते, त्यामुळे चार्टवर हे मूल आरामात ६/६ वाचून दाखवतं आणि सगळे म्हणतात डोळे मस्त आहेत. पण पुस्तक जवळ आलं की हाच ताण दुप्पट होतो आणि तो सतत ठेवावा लागतो, मग दहा मिनिटांत डोकं दुखतं, डोळे चोळतं, पाणी प्यायला उठतं, सू ला जातं, आणि शेवटी "मला वाचायला आवडतच नाही" म्हणतं. अमेरिकेत चार-पाच वर्षांच्या मुलांची पाहणी झाली होती, २०१६ मध्ये तिचे निष्कर्ष आले, त्यात प्लस ३ ते प्लस ६ नंबर असून चष्मा नसलेली मुलं सुरुवातीच्या अक्षरओळखीच्या चाचण्यांत मागे पडलेली दिसली. म्हणजे शाळा नीट सुरू व्हायच्या आधीच मागे.

सिलिंडर नंबर म्हणजे एका दिशेच्या रेघा पुसट. आपल्या लिपीत याचा त्रास चांगलाच होतो हो. व आणि ब मध्ये एका रेघेचा फरक, घ आणि ध, भ आणि म, वर अनुस्वार, एक मात्रा की दोन मात्रा. गुजरातीत तर वरची शिरोरेघच नाही, त्यात घ-ध ची जोडी तशीच. मूल "मंदिर" चं "मदिर" लिहितं आणि आपण म्हणतो मराठी-गुजराती मिक्स होतंय.

लेझी आय म्हणजे एका डोळ्यातून मेंदूला नीट चित्र पोचत नाही, कारण दोन डोळ्यांच्या नंबरात खूप फरक असतो किंवा तिरळेपणा असतो किंवा क्वचित मोतीबिंदू वगैरे असतो, आणि मग मेंदू त्या डोळ्याकडे लक्ष देणंच सोडून देतो. दुसरा डोळा चांगला असल्यामुळे मूल धावतं, खेळतं, वाचतं, कोणाला काही कळत नाही. हा प्रकार सगळ्यात जास्त लपून राहतो आणि यालाच वेळेचं बंधन सगळ्यात जास्त आहे, सात वर्षांच्या आत पकडलं तर सगळ्यात चांगलं, नंतरही फरक पडतो पण कमी आणि मेहनतीने.

तिरळेपणाबद्दल एकच सांगते, "लकी असतं" आणि "मोठा झाला की जाईल" ही दोन्ही वाक्यं घरात चालू देऊ नका. तान्ह्या बाळाचं नाक बसकं असलं की डोळे तिरळे असल्याचा नुसता भास होतो हे खरं, पण चार महिन्यांनंतर खरोखर डोळा सरकत असेल तर तपासायलाच हवा.

मग जवळचं बघताना दोन्ही डोळे आत वळवण्यात कमी पडणं, यात अक्षरं दोन दोन दिसतात, ओळ सुटते, हलतेय असं वाटतं. आणि आपल्याकडे उन्हाळ्यात धूळ आणि गरमीने होणारी डोळ्यांची ॲलर्जी, खाज इतकी की मूल वर्गात डोळे चोळतच बसतं. या ॲलर्जीवर खाली वेगळं लिहिलंय, सोडू नका.

चष्म्याने अभ्यासात खरंच फरक पडतो का, असं कोणी विचारलं तर चीनमधला प्रयोग सांगते. तिथल्या पश्चिमेकडच्या दोन प्रांतांत चौथी-पाचवीच्या मुलांपैकी काही शाळांतल्या मुलांना चष्मे फुकट दिले आणि काहींना फक्त नंबरची चिठ्ठी दिली, आणि त्याच शालेय वर्षात फुकट चष्मेवाल्या शाळांतल्या मुलांचे गणिताचे मार्क जास्त आले. २०१४ मध्ये हे छापून आलं. शिकवणारे तेच, पुस्तकं तीच.

पायरी १: आधी वही उघडा

डॉक्टरकडे जायच्याही आधी हे करा, यात खर्च काही नाही. मुलाच्या वहीतली तीन प्रकारची पानं काढा: बोर्डवरून उतरवलेलं, पुस्तकातून उतरवलेलं आणि ऐकून लिहिलेलं म्हणजे श्रुतलेखन. तिन्ही शेजारी ठेवून लाल पेनाच्या खुणा बघा.

श्रुतलेखन बरं आहे, पुस्तकातून उतरवलेलंही बरं, पण बोर्डवरून उतरवलेल्यात शब्द गायब, गणितात ३ चा ८, ६ चा ०, अर्धवट सोडलेली वाक्यं, तर लांबचं दिसत नाहीये असा जोरदार संशय घ्या. बोर्डवरचं ठीक पण पुस्तकातून उतरवताना ओळी सुटल्यात, एकच ओळ दोनदा लिहिलीय, पहिल्या चार ओळी सुंदर आणि पुढे अक्षर घसरत गेलंय, तर जवळच्या बघण्यात काहीतरी आहे. आणि तिन्हीकडे सारख्याच चुका असतील, ऐकून लिहितानाही तशाच, आणि तोंडी मात्र सगळं येत असेल, तर डोळे तपासाच पण डिस्लेक्सियाचा, म्हणजे वाचायला-लिहायला शिकण्यातच येणाऱ्या अडचणीचा, विचारही सोबत ठेवा.

मला विचाराल तर डॉक्टरांच्या फाइलमध्ये या तीन पानांचे फोटो असलेच पाहिजेत. पाच मिनिटांच्या तपासणीत मूल शहाण्यासारखं बसतं, आणि वहीत मात्र वर्षभराचं सगळं लिहिलेलं असतं.

पायरी २: मुलाकडे बघा, मूल काय बघतंय ते नको

आठवडाभर शांतपणे निरीक्षण करा, टोकू नका. टोकलं की मूल सावध होतं. डोळे बारीक करून बघतंय का, मान एकाच बाजूला वाकडी करून बघतंय का, वाचताना एक डोळा हाताने झाकतंय का (हे फार महत्त्वाचं, दोन दोन दिसत असेल तर मुलं आपणहून असं करतात), संध्याकाळी उजेड कमी झाला की अडखळतंय का, उन्हात गेलं की एकच डोळा मिटतंय का. संध्याकाळी कमी दिसणं म्हणजे अ जीवनसत्त्वाची कमतरता असू शकते, ती आजही काही मुलांत सापडते, त्यामुळे हे लक्षण दिसलं तर थांबू नका.

मोबाइलमध्ये फ्लॅश मारून काढलेल्या फोटोत दोन्ही बाहुल्या लाल दिसणं नॉर्मल आहे. एक लाल आणि एक पांढरट दिसत असेल, आणि पुन्हा पुन्हा तसंच येत असेल, तर त्याच आठवड्यात डोळ्यांच्या डॉक्टरकडे. मोतीबिंदू असू शकतो, डोळ्याच्या आतली गाठ असू शकते, आणि तिथे एकेक दिवस महत्त्वाचा असतो.

पायरी ३: घरच्या घरी एक डोळा झाकून

ही चाचणी निदानासाठी नाही, डॉक्टरकडे किती घाईने जायचं ते ठरवायला आहे. भिंतीवरच्या कालनिर्णयासमोर स्वतः उभे राहा आणि तारखेखालची बारीक ओळ जेमतेम वाचता येईल इतकं मागे सरका, चष्मा असेल तर तुमचा लावून. तिथे मुलाला उभं करा. आधी उजवा डोळा झाकून, मग डावा. हाताच्या तळव्याने झाकायचा, बोटांच्या फटीतून मुलं बघतात, आणि डोळा दाबायचा नाही, दाबला की थोडा वेळ धूसरच दिसतं. मुलं पाठ करून टाकतात म्हणून दुसऱ्या डोळ्याला वेगळी तारीख विचारा. अक्षरं न येणाऱ्या छोट्याला इंग्रजी ई वेगवेगळ्या दिशेला काढून "दांडे कुठे आहेत ते बोटाने दाखव" असं विचारायचं.

दोन डोळ्यांत फरक पडला तर तोच निकाल समजा. एक डोळा झाकला की मूल रडतं, हात ओढतं, आणि दुसरा झाकला की खुशाल उभं राहतं, हे तर अगदी दोन-तीन वर्षांच्या मुलातही कळतं. चांगला डोळा झाकला गेला म्हणून ते चिडतं.

आणि सगळं वाचलं तरी पुढची पायरी गाळू नका, कारण वर सांगितलं तसं प्लस नंबर यात सापडत नाही.

पायरी ४: डॉक्टरकडे, आणि तिथे काय मागायचं

पहिली गोष्ट, लहान मुलाचा पहिला नंबर चष्म्याच्या दुकानात काढू नका. मशीनसमोर हनुवटी ठेवून जो नंबर येतो तो मोठ्यांच्या बाबतीत बराच जवळचा असतो, पण मूल त्या मशीनमध्ये बघताना डोळ्याला ताण देतं आणि नसलेला मायनस येतो, किंवा प्लस असेल तर तो लपतो. म्हणून मुलांचा नंबर ड्रॉप्स घालून, तो ताण सैल करूनच काढायचा असतो. डॉक्टरांनी आपणहून सांगितलं नाही तर विचारा, "ड्रॉप्स घालून बघणार ना?" विचारण्यात काहीच गैर नाही.

ड्रॉप्स चुरचुरतात, तेवढ्यापुरतं मूल रडतं. नंतर बाहुली मोठी होते, उन्हाचा त्रास होतो, जवळचं दिसत नाही. कुठलं औषध घातलं त्यावर हा परिणाम एक दिवस, दोन-तीन दिवस, आणि ॲट्रोपिनचं मलम असेल तर दहा-पंधरा दिवससुद्धा राहतो. तिरळेपणा असलेल्या आणि अगदी छोट्या मुलांना ॲट्रोपिन बऱ्याचदा घरी तीन दिवस घालायला देतात. त्यामुळे युनिट टेस्टच्या आदल्या आठवड्यात हे करू नका, आपल्याकडे दिवाळीचं एकवीस दिवसांचं वेकेशन असतं, ते याला सगळ्यात चांगलं. टोपी न्या, त्या दिवसात होमवर्कचा आग्रह नको. ॲट्रोपिनने ताप आला, चेहरा लाल झाला, मूल बडबडायला लागलं तर औषध थांबवून लगेच डॉक्टरांना फोन.

तपासणीत एवढं होतंय का ते बघा: प्रत्येक डोळा वेगळा, लांबचं आणि जवळचं दोन्ही, डोळा झाकून-उघडून तिरळेपणा, आणि बाहुली मोठी करून आतला पडदा. निघताना तुमचे प्रश्न कागदावर लिहून न्या, मूल कडेवर रडत असताना काही आठवत नाही.

कुठे जायचं? सयाजी हॉस्पिटलमध्ये डोळ्यांचा विभाग आहे, गोत्रीच्या मेडिकल कॉलेज हॉस्पिटलमध्येही आहे, गर्दी असते पण खर्च परवडतो. फार गुंतागुंतीचं असेल तर अहमदाबादला सिव्हिलच्या आवारात एम अँड जे हे डोळ्यांचं सरकारी हॉस्पिटल आहे. प्रायव्हेटमध्ये जाणार असाल तर शक्यतो मुलांचे डोळे आणि तिरळेपणा यांचे स्पेशालिस्ट बघा. मूल सरकारी किंवा अनुदानित शाळेत असेल तर २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मापासून १८ वर्षांपर्यंत तपासणी आणि पुढचे उपचार फुकट आहेत, अंधत्व नियंत्रणाच्या राष्ट्रीय कार्यक्रमातून शाळकरी मुलांना चष्मेही मिळतात, शाळेत विचारा. प्रायव्हेट शाळेतली मुलं मात्र यात सहसा येत नाहीत, तिथे दर वर्षी डोळे तपासणं पूर्णपणे आपल्यावर.

कितव्या वर्षी दाखवायचं असं सगळ्या विचारतात. बाळ ३४ आठवड्यांच्या आधी जन्मलं असेल किंवा वजन दोन किलोच्या आत असेल तर जन्मानंतर तीस दिवसांच्या आत पडद्याची तपासणी, यात एक दिवसही पुढे ढकलायचा नाही. बाकी मुलांना तक्रार नसली तरी तीन-साडेतीन वर्षांचं असताना, म्हणजे शाळेत घालायच्या आधी, एकदा नीट, आणि मग दर वर्षी.

पायरी ५: चिठ्ठी वाचायला शिका आणि चष्मा नीट करून घ्या

चिठ्ठीवर स्फिअर, सिलिंडर, ॲक्सिस असे तीन आकडे असतात. स्फिअर मायनस म्हणजे लांबचं नडतं, प्लस म्हणजे जवळच्याला ताण, सिलिंडर म्हणजे एका दिशेचा पुसटपणा आणि ॲक्सिस म्हणजे ती दिशा. तुम्ही दोन डोळ्यांच्या आकड्यांतला फरक बघा, एक किंवा जास्त असेल तर "लेझी आय आहे का" हे स्पष्ट विचारा.

काचेच्या ऐवजी पॉलीकार्बोनेटची भिंग घ्या, फुटून डोळ्यात जायची भीती कमी. फ्रेम "वाढत्या अंगाची" घेऊ नका, नाकावरून घसरली की मूल चष्म्याच्या वरून बघतं आणि सगळे पैसे वाया. छोट्यांना मागून पट्टा लावा. आणि फ्रेमचा रंग मुलाला निवडू द्या, त्याने आपली म्हणून निवडलेली फ्रेम ते काढून दप्तरात टाकत नाही.

आता घरातली लढाई. आजी म्हणतात, "आत्तापासून चष्मा लावलास की नंबर वाढतच जाणार गं." आजींचं प्रेम कळतं, पण हे तसं नाही. मायनस नंबर वाढतो कारण डोळा लांबट होत जातो, चष्म्यामुळे नाही. मलेशियात मुलांना मुद्दाम कमी नंबरचा चष्मा देऊन बघितला होता, २००२ सालची गोष्ट, तर त्यांचा नंबर पूर्ण नंबर दिलेल्यांपेक्षा जास्त वाढला. मुलीच्या बाबतीत तर अजून वाईट, "मुलीच्या जातीला चष्मा नको" म्हणून पाचवीपर्यंत लांबवलेलं मी बघितलंय आणि मला याचा मनापासून राग येतो. तिचा अभ्यास तिचाच आहे ना, मग तिला दिसायला नको?

पहिले आठ-पंधरा दिवस जमीन तिरकी वाटते, विशेषतः सिलिंडर असेल तर. तेवढं जाऊ द्या. त्यानंतरही तक्रार असेल तर भिंग चुकली असेल, परत दाखवा. आणि चष्मा फक्त अभ्यासाला नाही, डॉक्टरांनी सांगितलं असेल तर पूर्ण दिवस.

पायरी ६: पट्टी

लेझी आय असेल तर पहिला उपचार बहुतेक वेळा नुसता चष्माच असतो, काही मुलांचा डोळा तेवढ्यानेच पुष्कळ सुधारतो. उरलेल्यांना चांगल्या डोळ्यावर पट्टी, म्हणजे कमजोर डोळ्याला काम करावंच लागतं. आधी दिवसभर पट्टी लावायचे, पण २००३ मध्ये अमेरिकेतल्या अभ्यासात दिसलं की मध्यम प्रमाणातल्या लेझी आयला रोज दोन तास पट्टी सहा तासांइतकीच गुण देते. तुमच्या मुलाला किती ते डॉक्टर सांगतील.

इथे एक गोष्ट अभ्यासाच्या दृष्टीने सांगते जी दवाखान्यात कोणी सांगत नाही. पट्टी शक्यतो शाळेच्या वेळेत लावू नका. पट्टीच्या वेळी मूल फक्त कमजोर डोळ्याने बघत असतं, त्याला बोर्ड दिसत नाही, वर्गात मुलं चिडवतात ते वेगळं. दोन तास असतील तर घरी आल्यावर, आणि त्या वेळात जवळचं बारीक काम द्या: तांदूळ निवडायला, मणी ओवायला, चित्रात रंग भरायला, कॅरम. पट्टी कातडीला चिकटणारी घ्या आणि वरून चष्मा, चष्म्याच्या काचेवर लावलेल्या कापडाच्या बाजूने मूल हमखास डोकावतं. कातडी लाल होत असेल तर चिकटवायची दिशा रोज बदला. पट्टी अजिबात चालत नसेल तर चांगल्या डोळ्यात ॲट्रोपिनचा थेंब घालून तो धूसर करायचा पर्यायही असतो, डॉक्टरांना विचारा.

हे महिनोन्महिने चालतं. भिंतीवर तक्ता लावा, रोज एक स्टिकर, आणि बाबांनीही यात बसायचं, सगळं आईवर टाकू नका.

ॲलर्जी आणि मेडिकलवरचे थेंब

खाज आली की कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून थेंब आणायची आपल्याला सवय. त्यातल्या बऱ्याच बाटल्यांत स्टेरॉइड असतं. दोन दिवसांत जादूसारखं बरं वाटतं, म्हणून दर उन्हाळ्यात तीच बाटली येते, आणि काही मुलांत डोळ्याचं प्रेशर आतल्या आत वाढून काचबिंदू होतो, मोतीबिंदूही होऊ शकतो. काचबिंदूने गेलेली नजर परत येत नाही. डॉक्टरांनी लिहून दिलेले दिवस सोडून एक दिवसही जास्त नाही, आणि जुनी बाटली घरात ठेवायचीच नाही. खाजेवर आधी थंड पाण्याच्या घड्या. जोरजोरात डोळे चोळण्याने बुबुळ पुढे शंकूसारखं येण्याचा आजारही बळावतो, तेव्हा "चोळू दे गं, बरं वाटतं त्याला" असं नको.

पायरी ७: शाळेत जाऊन बोला

चष्मा आला म्हणजे काम झालं असं बहुतेकांना वाटतं आणि शाळेला कोणी सांगतच नाही. डॉक्टरांकडून एक छोटी चिठ्ठी लिहून घ्या, कुठला त्रास आहे आणि मुलाला कुठे बसवायचं, आणि ती क्लास टीचरला भेटून द्या, दप्तरातून पाठवू नका. आजकाल बऱ्याच शाळांत दर आठवड्याला बेंचचं रोटेशन असतं, तिथे ही चिठ्ठी लागतेच.

"पुढच्या बेंचवर बसवा" एवढं सगळ्यांना लागू नाही. एकाच डोळ्याने नीट दिसणाऱ्या मुलाला असं बसवा की चांगला डोळा वर्गाच्या बाजूला राहील. डोळे सारखे हलत असतील तर ते मूल मान तिरकी करून एका कोनात बघतं कारण त्या कोनात डोळे सगळ्यात शांत असतात, "मान सरळ कर" म्हणू नका प्लीज. उजेडाचा त्रास असेल तर खिडकीपासून लांब. स्मार्ट बोर्डवर चमक मारत असेल तर स्वतः त्या बेंचवर बसून बघा, जागच्या जागी कळतं.

टीचरबेनना चार गोष्टी विनंती करा, कुठलीच जड नाही: लिहिताना मोठ्याने वाचत लिहिणं, जाड खडू किंवा गडद मार्कर, तास संपल्यावर बोर्डचा फोटो, आणि रंगांवरून प्रश्न विचारताना नाव लिहिणं. शेवटचं रंगांधळ्या मुलांसाठी. ते बहुतेक मुलगेच असतात, नकाशातली हिरवी-तपकिरी जमीन त्यांना एकच दिसते आणि मार्क मात्र भूगोलाचे जातात.

याच गावात महाराजा सयाजीरावांनी १९०६ मध्ये सगळ्या संस्थानाला सक्तीचं आणि मोफत प्राथमिक शिक्षण लागू केलं होतं. मूल वर्गात आणून बसवलं, आता त्याला बोर्ड दिसेल एवढं बघणं हे आपल्या सगळ्यांचं काम आहे.

चष्मा लावूनही कमीच दिसणाऱ्या मुलांसाठी भिंग, तिरका रीडिंग स्टँड, मोठ्या अक्षरांची झेरॉक्स, गडद पेन्सिल आणि जाड रेघांची वही, यांनी खूप काम होतं. अपंगत्व ४० टक्के किंवा जास्त भरत असेल तर युडीआयडी कार्ड, म्हणजे अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र काढा, त्यावर बोर्डाच्या परीक्षेत तासाला किमान २० मिनिटं जास्तीचा वेळ आणि गरजेप्रमाणे लेखनिक मिळतो. एक डोळा पूर्ण चांगला असेल तर सहसा एवढे टक्के भरत नाहीत. कागदपत्रं नववीतच सुरू करा, दहावीच्या फॉर्मच्या वेळी पळापळ होते.

पायरी ८: राहून गेलेला अभ्यास

चष्म्याने पुढचं दिसेल, मागचं राहिलेलं आपोआप भरून येणार नाही. ज्याला दुसरी-तिसरीत बोर्ड दिसला नाही त्याची हातच्याची बेरीज, जोडाक्षरं, पाढे, असं काहीतरी अर्धवट राहिलेलं असतंच. मी दोन इयत्ता खालचं पुस्तक घेऊन तोंडी आणि लेखी दोन्ही विचारते आणि नेमकी कुठे गळती आहे ते शोधते, मग रोज वीस मिनिटं फक्त तेवढंच. सगळं पहिल्यापासून शिकवायची गरज नसते. आणि मुलाला सांगा, अगदी शब्दात सांगा, की तुला येत नव्हतं असं नाही, तुला दिसत नव्हतं. "ढ" ऐकून ऐकून ते त्याने मान्य केलेलं असतं.

डिस्लेक्सिया डोळ्यांमुळे होत नाही. डोळे आत वळवायचा त्रास असेल तर त्याचे व्यायाम दवाखान्यात नीट शिकून केले की तो त्रास कमी होतो, पण २०१९ मधल्या मोठ्या अभ्यासात असं दिसलं की तेवढ्याने वाचून समजण्यात वेगळी सुधारणा होत नाही. तेव्हा "डोळ्यांच्या थेरपीने डिस्लेक्सिया घालवतो" किंवा रंगीत काचांच्या चष्म्यासाठी कोणी हजारो रुपये मागत असेल तर ते पैसे वाचन शिकवणाऱ्या स्पेशल एज्युकेटरवर घाला.

पायरी ९: नंबर आटोक्यात ठेवणं आणि फेरतपासणी

मायनस नंबर सुरू होऊ नये म्हणून सगळ्यात भक्कम उपाय म्हणजे दिवसाउजेडी बाहेर खेळणं, रोज दोन तास धरा. तैवानने २०१० पासून शाळांमध्ये रोज १२० मिनिटं बाहेर असा कार्यक्रमच चालवला. घरात ट्यूबलाइटखाली तीनशे-पाचशे लक्स उजेड असतो आणि बाहेर सावलीतही त्याच्या कितीतरी पट. आपल्याकडे मे महिन्यात दुपारी शक्य नाही, पण सकाळी लवकर आणि पाचनंतर कमाटी बाग आहे, सोसायटीचं आवार आहे. ट्यूशन एक कमी केली तरी चालेल, हे ट्यूशनवालीच सांगतेय. पुस्तक डोळ्यांपासून कोपर ते मूठ एवढ्या अंतरावर, आणि दर वीस मिनिटांनी खिडकीबाहेर लांब बघायचं.

नंबर भराभर वाढत असेल, वर्षाला अर्धा किंवा जास्त, तर कमी ताकदीचे ॲट्रोपिन थेंब आणि खास मायनस रोखणारी भिंग असे उपाय आता मिळतात. डॉक्टरांना विचारा, स्वतःहून आणू नका.

उत्तरायणात चष्मा काढून गच्चीवर पाठवू नका, मांजा आणि पतंगाची काडी दोन्ही डोळ्यावर येतात. ज्याचा एकच डोळा चांगला आहे त्याने तर नंबर नसला तरी पॉलीकार्बोनेटचा चष्मा कायम लावायचा, क्रिकेट खेळताना, धुळेटीला, फटाक्यांना.

फेरतपासणी दर सहा महिन्यांनी, पट्टी चालू असेल तर डॉक्टर सांगतील तशी त्याहून लवकर, कारण पट्टी जास्त झाली तर चांगल्या डोळ्यावरही नजर ठेवावी लागते. जाताना जुना चष्मा आणि आधीच्या सगळ्या चिठ्ठ्या तारखेप्रमाणे लावून न्या, आणि घरात धाकटं भावंड असेल तर त्यालाही त्याच दिवशी सोबत न्या, कारण प्लस नंबर, तिरळेपणा आणि लेझी आय हे एकाच घरातल्या मुलांत बऱ्याचदा सापडतं आणि धाकट्याचं वय अजून हातात असतं.